एकाच चाऱ्यावर भिस्त ठेवून दोनदा फसलो, यंदा जूनमध्ये काय पेरू?

कोरडवाहू_शिंदखेडा (१२ मे, रात्री ९:४०)

राम राम मंडळी.

तालुका शिंदखेडा, सहा एकर, एक विहीर. ती मार्चमध्येच तळ दाखवते. गोठ्यात चार म्हशी, एक गाय, बैलजोडी. चार एकर कपाशी, एक एकर चाऱ्याला, उरलेल्यात घरापुरती बाजरी आणि मूग.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने अख्खा महिना दडी मारली तेव्हा चाऱ्याचा मका कमरेइतका होऊन उभा वाळला. तुरे पांढरे, कणसात दाणा नाही. मग एकाने सांगितलं म्हणून अर्ध्या एकरात संकरित नेपियर गवत लावलं. पावसाळ्यात असं माजलं की कापून कापून हात भरून आले. पण विहीर आटल्यावर पिवळं पडायला लागलं, आणि आता दुपारी ४४ डिग्रीत त्या वाफ्यातून चाललो तर पायाखाली पापडासारखं वाजतं. कडबा शेकड्याला साडेतीन हजार देऊन आणतोय. तोही काळ्या डागाचा, गाडीभाडं वेगळं. काल एका व्यापाऱ्याशी म्हैस विकायची बोलणी केली. घरात दोन दिवस अबोला आहे.

प्रश्न सरळ आहे. पाऊस असा बेभरवशाचा झाल्यावर, आपल्याकडच्या उन्हात टिकेल असं चाऱ्याचं एक खात्रीचं पीक कोणतं? एकच सांगा. दहा प्रकार करायला मला माणूसबळ नाही.

कडबाकुट्टी (१२ मे, रात्री ९:५२)

आधी वहिनींशी बोला. चारा नंतर.

आप्पा_अमळनेर (१२ मे, रात्री १०:३०)

एकच सांगायचं तर ज्वारी. त्यातही दादर, म्हणजे आपली रब्बीची देशी ज्वारी.

आमच्या बोरी-तापीच्या पट्ट्यात माझ्या लहानपणी खळ्यावर कडब्याची गंजी घरापेक्षा उंच असायची. मुलीकडचे स्थळ बघायला आले की आधी गंजी बघत, मग पोरगा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात काळ्या रानात दादर टाकायची आणि विसरून जायचं. वरून थेंब पडला नाही तरी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर ती निघायची. माणसाला भाकरी, ढोराला कडबा. पुढे संकरित ज्वारी आली. देशातलं पहिलं संकरित वाण सीएसएच-१ हे १९६४ चं. दाणा भरघोस, पण ताट (खोड) कमरेइतकंच. बापाचं म्हणणं, “दाणा आपला, पण ढोराने काय खायचं?” तरी ती पेरलीच, कारण पोट आधी. मग परतीच्या पावसात तिची कणसं काळी पडायला लागली, भाव पडला आणि लोक कपाशीकडे गेले. आता आमच्या शिवारात बठ्ठा कापूसच शे.

तुमचा चारा हवामानाने नेला हे खरं. पण त्याच्या तीस वर्षं आधी तो आपणच रानातून काढला होता. १९७२ साली मी चौथीत होतो. वडिलांनी गोठ्याच्या छपरावरचं जुनं गवत उपसून बैलांना टाकलं होतं. पण ते फेब्रुवारीनंतर. तोवर मागच्या सालची गंजी पुरली होती.

पुण्यातला_खानदेशी (१२ मे, रात्री ११:१५)

हायड्रोपोनिक्सचा विचार केलाय का? ट्रेमध्ये मका भिजवायचा, आठ-दहा दिवसांत हिरवा चारा, पाणी अगदी कमी. पाण्यावर तरंगणारं अझोला नेचंही आहे. यूट्यूबवर बरेच व्हिडिओ आहेत.

कडबाकुट्टी (१२ मे, रात्री ११:१८)

दादा, भुसावळला मे महिन्यात अझोला केला होता मी. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात वरण झालं.

कोरडवाहू_शिंदखेडा (१३ मे, सकाळी ६:१०)

@पुण्यातला_खानदेशी, एक किलो मक्यातून सात-आठ किलो हिरवळ निघते हे मीही वाचलं. पण ते वजन पाण्याचं. कोरडा भाग मोजला तर मूळ दाण्यापेक्षा वाढत नाही, थोडा घटतोच. मग मका भरडून सरळ म्हशीला घातलेला काय वाईट?

आप्पा, माझं रान मुरमाड आहे. नाल्याकाठचा दीड एकराचा तुकडा तेवढा काळा. तिथे दादर निघेल का?

आप्पा_अमळनेर (१३ मे, सकाळी ७:०२)

निघेल. पण त्यात खरिपाला कपाशी नको. ती उभीच असते तोवर ओल संपते. मूग काढून वखरून ठेवा.

गोठ्यातला_डॉक्टर (१३ मे, दुपारी २:२०)

पशुवैद्यक आहे, वीस वर्षं जळगाव जिल्ह्यात. ज्वारीचा सल्ला चांगला आहे, पण “एकच पीक” म्हणून द्यायला मी धजणार नाही. कारण ऐका.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. जनावराने खाल्लं की पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. पावसाने ओढ दिली, ताट गुडघ्याएवढं राहून खुंटलं की त्याचं प्रमाण वाढतं. अशा खुंटलेल्या ज्वारीवर सर पडून तळातून जे फुटवे येतात ते सगळ्यात घातक. ज्याला किरळ लागणं म्हणतात ते हेच. २०२३ चा कोरडा ऑगस्ट संपून सप्टेंबरला पाऊस आला, त्या आठवड्यात मला एका रात्री तीन ठिकाणांहून फोन आले. पहिल्या गोठ्यात पोहोचलो तर गाय आडवी, तोंडाला फेस, पाय झाडत होती. रक्त डाळिंबासारखं लालभडक, कारण रक्तात प्राणवायू असतो पण शरीराला तो वापरता येत नाही. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं शिरेतून द्यावी लागतात आणि वेळ मिनिटांत मोजावी लागते. ती गाय वाचली. दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. मालक म्हणाला, “साहेब, दावं तोडून फक्त दहा मिनिटं त्या रानात शिरली होती.”

म्हणून ज्वारी निदान ५० दिवसांची, शक्यतो फुलोऱ्यात आल्यावरच कापा. वाळवली किंवा मुरघास केला (कुट्टी हवाबंद मुरवली) की हे विष बरंच उतरतं. नायट्रेटची बाधा मात्र वेगळी. ताणात वाढलेल्या मक्यात, बाजरीत, ज्वारीत, विशेषतः युरिया जास्त टाकला असेल तर, बुडख्याकडे नायट्रेट साचतं आणि ते वाळवून जात नाही. अशा वेळी बुडखा वीतभर सोडून कापा आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या.

बाजरीत हायड्रोसायनिक आम्लाची भानगड नाही. शिंदखेड्याच्या मुरमाड रानाला मी तीच सुचवीन.

तिसरी_धार (१३ मे, दुपारी ३:४५)

सगळे पुरुष ‘काय पेरायचं’ यावर बोलतायत. कापायचं कोणी, हे कोणी बोलत नाही.

मी पारोळा तालुक्यातली. आमच्याकडे तीन म्हशी आणि हा खटाटोप माझ्या आणि सासूबाईंच्या गळ्यात. नेपियर कापून बघा एकदा. पानाच्या कडा करवतीसारख्या, वर बारीक कूस. मे-जूनच्या घामात ती कूस कोपरापर्यंत रुतते, रात्री हात पाण्यात घातला तरी आग जात नाही. मी नवऱ्याच्या जुन्या पँटीच्या पायांच्या बाह्या शिवल्यात. भारा पण ओला, जड, डोक्यावरून मानेत पाणी गळतं.

आणि बांधावरचं गवत कुठे गेलं? आधी मी नुसत्या बांधांवरून आणि पाटाच्या कडेने श्रावण ते दिवाळी दोन म्हशींचा ओला चारा काढायची. पवन्या होता, मारवेल होतं, शेडा होता. आता कपाशीत तणनाशक मारताना बांधही मारून मोकळे होतात, म्हणजे बांध ‘स्वच्छ’ दिसतो. त्या गवताला कोणी पाणी दिलं नव्हतं, बी टाकलं नव्हतं. महिनाभर पाऊस गेला तर सुकायचं आणि एका सरीत परत हिरवं व्हायचं. याच्याहून टिकाऊ काय शोधताय?

साक्री_पांझरा (१३ मे, सायंकाळी ६:३०)

ताईंना +१.

आमच्याकडे ठेलारी मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघतात. पूर्वी शेतकरी बोलावून रानात मेंढ्या बसवायचे, खताच्या बदल्यात धान्य द्यायचे. त्यांचं गणित सोपं आहे. चारा जिकडे, कळप तिकडे. आपण गोठ्यात बांधून ठेवलेल्या म्हशीला ते जमत नाही म्हणून आपल्याला गंजी लागते.

गवताचं म्हणाल तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने स्वतःवर लादून घेतली आणि बोडका डोंगर परत झाकला. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. मी तिथून आलो आणि आमच्या गायरानाचा विषय ग्रामसभेत काढला. लोक म्हणाले, “गायरान आहे कुठे?” मोजणी केली तर निम्म्यात कपाशी!

कडबाकुट्टी (१३ मे, सायंकाळी ६:४१)

आणि ग्रामसभेत बसलेल्यांपैकी निम्म्यांची.

साक्री_पांझरा (१३ मे, सायंकाळी ६:४४)

तुम्हाला कसं कळलं?

रावेर_खोडवा (१३ मे, रात्री ८:१५)

आमच्याकडे मेमध्ये ढोरांना केळीचे खांब. घड निघाला की खांब फुकट, कुट्टी करून घालायची. पोट भरतं, पाणीही मिळतं. तुमच्याकडे पाठवू का गाडी?

गोठ्यातला_डॉक्टर (१३ मे, रात्री ८:५०)

खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आणि प्रथिनं नावाला. जनावर जगवायला ठीक, दुधावर टिकवायला नाही. नुसत्या खांबावर ठेवलं की शेण पातळ होतं आणि अंगावरचं उतरतं. कडबा किंवा कुटाराबरोबर चौथा हिस्सा, आणि सोबत थोडी ढेप (पेंड). उसाचं वाढं घालणाऱ्यांनीही ऐका. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून बसतं. चुन्याची निवळी शिंपडून द्या.

बी_आणि_माती (१४ मे, सकाळी ११:२०)

राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलो, वनस्पती पैदास हा विषय. मूळ प्रश्नाकडे येतो.

धागाकर्त्याने मका आणि नेपियर ही दोन पिकं निवडली आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी बसली. मक्याला तुरा-स्त्रीकेसराच्या वेळी उष्णता आणि कोरड सोसत नाही. परागकण मरतात. मुरघासाचा निम्मा जोर कणसात असतो, ते गेलं की उरतं नुसतं चिपाड. शिवाय २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आहेच. ज्वारी ताण आला की पान गुंडाळते, वाढ थांबवते आणि पाणी मिळालं की पुन्हा सुरू होते. थांबता येणं हीच तिची ताकद.

नेपियरचं दुखणं आणखी एक आहे, ते फारसं कोणी बोलत नाही. संकरित नेपियर म्हणजे बाजरी आणि हत्तीगवताचा संकर. बाजरीची गुणसूत्रं १४, हत्तीगवताची २८, संकराची २१. त्यामुळे ते वांझ असतं, बी धरत नाही, कांड्यांचे डोळे किंवा मुळासकट ठोंब लावूनच वाढवावं लागतं. म्हणजे राहुरीचं फुले जयवंत असो, कोइमतूरचं को-४, को-५ असो, एका वाणाचं गवत सगळ्या गावात अक्षरशः एकच झाड असतं. उद्या त्यावर एखादा रोग बसला तर सगळ्यांकडे एकदमच बसेल. मोबाइलच्या नावांची जी गवतं हल्ली डोळ्यामागे दोन-तीन रुपयांनी विकली जातात, त्यांचं मूळ काय हे तर विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

संशोधनात ज्वारीतल्या एका गुणावर बरीच वर्षं काम चाललंय. साधी ज्वारी दाणा भरताना पाणी तुटलं की खालून वर वाळत जाते आणि ताट पोकळ होऊन कोलमडतं. आपण त्याला खडखड्या म्हणतो, तो बुरशीचा रोग आहे आणि ताणातच जोर करतो. इथिओपियाच्या काही ज्वाऱ्यांत पानं शेवटपर्यंत हिरवी राहण्याचा गुण सापडला. तो आपल्या रब्बी वाणांत आणायचे प्रयत्न हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत झाले. पान हिरवं राहिलं की कडबाही पचायला बरा. पण हा गुण फुलोऱ्यानंतरच्या ताणाला उपयोगी. ऑगस्टच्या खंडात ज्वारी अजून पोटरीलाही (कणीस पोटात धरायच्या अवस्थेलाही) आलेली नसते, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून ‘हवामानाला टिकणारं वाण’ असं पिशवीवर वाचलं की आधी विचारा, कोणत्या हवामानाला? कोरड्या ऑगस्टला, की ओल्या ऑक्टोबरला? २०१९ ला दिवाळीत पाऊस थांबेना, तेव्हा ज्वारी-मक्याचा चारा उभा कुजला. कोरड्याला टिकणारं त्या वर्षी काय कामाचं?

अजून एक. नुसतं वजन मोजू नका. हवा तापली की गवत लवकर निबर होतं, लिग्निन (न पचणारा लाकूडपणा) वाढतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की बऱ्याच पिकांत पाला दिसायला भरपूर, पण त्यातलं नत्र कमी. गव्हाण भरलेली आणि म्हैस उपाशी असं होतं. त्यामुळे ज्वारीत चवळी मिसळा, दोन ओळी ज्वारी, एक ओळ चवळी. बांधावर शेवरी किंवा दशरथ गवत.

पुण्यातला_खानदेशी (१४ मे, सकाळी ११:४५)

दशरथ गवत? मग राम-लक्ष्मण पण असतील.

तिसरी_धार (१४ मे, दुपारी १:०५)

आहेत की, पण ते चौदा वर्षांनी उगवतात. दशरथ लावा भाऊ, खरंच चांगलं. शेंगवर्गीय आहे, म्हशी आवडीने खातात, एकदा लावलं की बरीच वर्षं कापायचं. फक्त पहिलं वर्ष बकऱ्यांपासून सांभाळा.

आप्पा_अमळनेर (१४ मे, दुपारी ४:३०)

@बी_आणि_माती, तुम्ही सांगितलंत ते बरोबर. पण रब्बी ज्वारीतली मालदांडी ३५-१ ही कुठल्या प्रयोगशाळेत घडवली नव्हती. शेतकऱ्यांच्या मालदांडीतून मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली. अजून तिच्या कडब्याला गिऱ्हाईक आहे. आमच्या दादरीतून असं निवडून कोणी दिलं का?

बी_आणि_माती (१४ मे, सायंकाळी ५:१०)

दंडवत आप्पा. हे निवडीचं काम खळ्यावरही होतं. ज्या वर्षी पाणी कमी पडलं त्याच वर्षी, उभ्या रानातून, पानं हिरवी असलेली आणि न पडलेली शंभर ताटं खुणा बांधून ठेवा आणि त्यांचंच बी पुढे धरा. चांगल्या वर्षात सगळीच ताटं शहाणी दिसतात.

हिशेबनीस (१४ मे, रात्री ९:००)

कोणीच आकडे मांडेना म्हणून मी मांडतो. सात मोठी जनावरं. १५ फेब्रुवारी ते १५ जून, १२० दिवस. रोज माणशी, सॉरी, म्हशीशी ५ किलो वाळला चारा धरला तर ४,२०० किलो. पेंढी दोन किलोची धरा, २,१०० पेंढ्या. म्हणजे २१ शेकडे. धागाकर्त्याच्या भावाने ७३,५०० रुपये, गाडीभाडं सोडून. वर रोज १५ किलो ओला किंवा मुरघास, तो १२.६ टन.

आता कपाशीच्या एका एकरातून खर्च जाता हातात काय उरतं ते स्वतःच्या वहीत बघा. इथे लिहू नका, भांडणं होतील.

कोरडवाहू_शिंदखेडा (१५ मे, सकाळी ६:२०)

वही बघितली. लिहीत नाही.

मुरघासाचं कोणी नीट सांगेल का? गेल्या साली दोन बॅगा केल्या होत्या. एक उघडली तर आतून निळी-पांढरी बुरशी आणि दारूसारखा वास. म्हशींनी तोंड फिरवलं.

रावेर_खोडवा (१५ मे, सकाळी ८:४०)

उंदीर! बॅगेला तळाशी बोटाएवढं भोक असेल. माझी पाच टनांची बॅग तशीच गेली. तेव्हापासून जमिनीत खड्डा, आत जाड प्लास्टिकचा कागद, वरून माती आणि टायर. कणसात दाणा चिकात असताना कापा, कुट्टी बारीक म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि थर टाकत ट्रॅक्टरने दाबा. हवा राहिली की गेलं. मूठ दाबून बघायची. पाणी गळालं तर फार ओलं, सोडल्यावर भुगा सुटला तर फार वाळलं, गोळा सावकाश मोकळा झाला तर बरोबर. ४५ दिवस हात लावायचा नाही. चांगल्या मुरघासाला लोणच्यासारखा आंबट वास येतो. माझी आई म्हणते, “कैरी नसलेलं लोणचं.”

गोठ्यातला_डॉक्टर (१५ मे, दुपारी १:३०)

बुरशीचा भाग काढून उरलेला घालू असं करू नका, गाभण म्हशीला तर मुळीच नाही. आणि ज्यांच्याकडे गव्हाचं काड, निकस कडबा पडलाय त्यांनी युरिया प्रक्रिया करा. १०० किलो काडाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, हवाबंद झाकून २१ दिवस. उघडल्यावर काही तास पसरून वास जाऊ द्यायचा. सहा महिन्यांखालच्या वासराला, घोड्याला हे नाही. युरियाचं पाणी उघड्या बादलीत ठेवलंत आणि बैल प्यायला, तर मला फोन करून उपयोग नाही.

कडबाकुट्टी (१५ मे, दुपारी १:५२)

घोड्याचं नाव निघालं म्हणून, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे लसूणघास खातात, ढेप खातात, आणि आमच्या म्हशी त्यांचे फोटो बघतात.

साक्री_पांझरा (१५ मे, दुपारी ३:००)

अवांतर थांबवा. भाऊला जूनमध्ये पेरायचंय. माझं मत: मुरमाडावर बाजरी. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या बाजरी संशोधनातून आलेली आदिशक्ती, महाशक्ती ही वाणं आपल्या दारातलीच. दाणाही होतो, सरमाडही (बाजरीची वाळली ताटं). नुसता चारा हवा तर राहुरीची जायंट बाजरी. सरमाड कडब्याच्या तोडीचं नाही, मान्य. पण ऑगस्ट कोरडा गेला तरी ते रानात उभं दिसतं.

आप्पा_अमळनेर (१५ मे, दुपारी ३:२०)

सरमाड! आमच्याकडे ते छपराला घालतात.

साक्री_पांझरा (१५ मे, दुपारी ३:२४)

आणि ७२ ला छपरावरचं बैलांना, तुम्हीच सांगितलंत.

आप्पा_अमळनेर (१५ मे, दुपारी ३:४०)

पकडलंत.

कोरडवाहू_शिंदखेडा (१६ मे, रात्री १०:०५)

सगळं वाचलं, दोनदा. ‘एकच सांगा’ म्हणालो होतो, तेव्हा माणूसबळाचं रडगाणं गायलो. घरात बोलणी सुरू झाली (धन्यवाद, कडबाकुट्टी) आणि ती म्हणाली, कापायचं मलाच आहे, मग मला विचारा. तिचं म्हणणं, ज्वारी आणि बाजरी एकदाच कापून वाळवून ठेवायची, रोजचा भारा नको. बांधावर मारवेल चालेल, पण नेपियर आणलं तर स्वतः कापा.

कपाशीचा एक एकर कमी करतोय. जूनअखेर ज्वारी-चवळी अर्धा एकर, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा अर्धा. मुरमाडावर बाजरी. नाल्याकाठी मूग काढून दादर. बांधाला राहुरीच्या फुले मारवेल ०६-४० चे ठोंब मिळतात का बघतो. अळवावरचं पाणी होऊ नये म्हणून इथे लिहून ठेवतो, दिवाळीनंतर जाब विचारा.

हिशेबनीस (१७ नोव्हेंबर, रात्री ८:३०)

दिवाळी झाली. जाब विचारायला आलोय.

कोरडवाहू_शिंदखेडा (१८ नोव्हेंबर, रात्री ९:१५)

आलो.

म्हैस विकली. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लांबला तेव्हा. धाग्यामुळे ती वाचली असं लिहायला आवडलं असतं. सहा तोंडं उरली.

जूनअखेरची ज्वारी चांगली आली. ऑगस्टमध्ये १९ दिवसांचा खंड पडला, पानं सुरळीसारखी गुंडाळली, डॉक्टरसाहेबांच्या भीतीने गायीला दुहेरी दावं बांधलं. पाऊस आल्यावर उठली. फुलोऱ्यात कापून वाळवली, चवळीसकट. जुलैची ज्वारी मात्र कापून पसरली आणि सप्टेंबरअखेर चार दिवस झड लागली. निम्मी काळी पडली. ती वेगळी ठेवलीय, बैलांनाही देणार नाही. बाजरी त्याच पावसाच्या आधी दहा दिवस निघाली होती, म्हणून सरमाड कोरडं, पिवळंधमक मिळालं. आप्पा, छपराला घातलेलं नाही.

मारवेलचे शंभर ठोंब लावले, एकसष्ट जगले. मोजले, कारण शेजारी रोज विचारायचा, “गवत लावतोस?” एकदा त्याच्या फवारणीचा वारा इकडे आला आणि बारा ठोंब एका संध्याकाळी माना टाकून बसले. बोललो त्याच्याशी. आता फवारायच्या आधी हाक मारतो.

मुरघास नाही केला. खड्डा खणला, खाली कातळ लागला.

नाल्याकाठी दादर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरली. काल मोजली, कमरेला लागलीय. सकाळी त्यातून चाललं की पँट गुडघ्यापर्यंत भिजते, इतकं दव. एक प्रश्न आहे, आप्पा. कापायला माणूस मिळेल, पण पेंढी बांधणारं आमच्या गावात कोणी राहिलं नाही. पोरं दोऱ्या आणतात, गाठ सुटते आणि गंजी घसरते.

आप्पा_अमळनेर (१९ नोव्हेंबर, सकाळी ६:४५)

दोरी नको. दोन ओली ताटं पीळ देऊन त्याचाच बंध करायचा, तो वाळला की आवळत जातो. लिहून कळणार नाही. फेब्रुवारीत कापणीच्या आधी निरोप द्या, बसने नरडाण्याला उतरतो.

तिसरी_धार (१९ नोव्हेंबर, सकाळी ७:३०)

आप्पा, व्हिडिओ काढून टाका इथे. पीळ दिसेल असा, जवळून.

कडबाकुट्टी (१९ नोव्हेंबर, सकाळी ७:४१)

मीही येतो. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत असेल तर गंजीवर चढायलाही तयार.

कोरडवाहू_शिंदखेडा (१९ नोव्हेंबर, रात्री ९:०२)

भरीत आहे. वजन किती तुमचं? गंजी पहिलीच आहे.